गोधड्यांचे ऑनलाइन दुकान: पहिल्या गोधडीपासून पहिल्या ऑर्डरपर्यंत

महाराष्ट्रात गोधडी शिवणारे हात गावोगावी आहेत. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात, तर बाळासाठी शिवलेल्या लहान गोधडीला शहरातही मोठी मागणी असते, कारण बारशाला किंवा बाळंतविड्यात द्यायला तिच्याइतकी मऊ आणि टिकाऊ वस्तू सहसा सुचत नाही. अडचण एवढीच असते की शिवणारी बाई आणि घेणारे घर यांची गाठ पडत नाही. बचत गटांच्या गोधड्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत विकल्या जातात, परंतु प्रदर्शन संपले की ज्याला दुसरी गोधडी हवी आहे त्याने कुठे जायचे, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी स्वतःचे ऑनलाइन दुकान हा चांगला मार्ग आहे, आणि दोघी-तिघींच्या बळावरही ते सुरू करता येते.

नवे लोक बहुधा संकेतस्थळापासून सुरुवात करतात. दुकानाचे नाव, बोधचिन्ह आणि रंग ठरवण्यात महिना जातो आणि पहिली ऑर्डर आल्यावर पार्सल कसे बांधायचे हे कोणालाच ठाऊक नसते. माझा आग्रह आहे की क्रम उलटा ठेवावा. आधी एकच गोधडी घ्यावी आणि तिचे माप, फोटो, वर्णन, पार्सल, किंमत, तसेच ती परत आली तर काय करायचे, हे सर्व कागदावर पक्के करावे. एका गोधडीचा हा हिशेब बसला की संकेतस्थळ उभारणे हे एक-दोन दिवसांचे काम उरते.

काय विकायचे ते ठरवा

सुरुवातीला तीनपेक्षा जास्त आकार ठेवू नका. बाळाची गोधडी, एकेरी पलंगाची आणि दुहेरी पलंगाची, एवढे पुरते. प्रत्येक आकाराचे माप सेंटिमीटरमध्ये आणि फुटांत ठरवून घ्या आणि शिवणाऱ्या प्रत्येकीला ते लिहून द्या, कारण घरगुती शिवणीत चार बोटांचा फरक सहज पडतो आणि दुकानात बसून तो फरक समजावून सांगण्याची सोय येथे नाही. हाती शिवलेल्या वस्तूत थोडे कमीजास्त होणारच. ‘दोन ते तीन सेंटिमीटरचा फरक संभवतो’ असे वर्णनातच लिहिले की त्यावरून वाद होत नाही.

कापडाबाबत पूर्ण खरे लिहा. जुन्या सुती साड्यांच्या आणि धोतरांच्या थरांपासून केलेल्या गोधडीची ऊब आणि मऊपणा वेगळाच असतो आणि तो आवडणारे ग्राहक आहेत, पण काही घरांत, विशेषतः बाळासाठी, वापरलेले कापड चालत नाही. त्यामुळे ‘वरचे कापड नवे, आतील थर वापरलेल्या सुती साड्यांचे, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेले’ असे स्पष्ट लिहावे, किंवा बाळाच्या गोधड्या पूर्णपणे नव्या मलमलीच्या कराव्यात. हे लपवून विकलेली गोधडी पुढे कधी ना कधी अंगाशी येते.

येथेच आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. तुकडे जोडून केलेली गोधडी पुन्हा तशीच होत नाही. म्हणून प्रत्येक गोधडी स्वतंत्र वस्तू म्हणून दुकानात मांडायची आणि तिचा साठा ‘१’ लिहायचा, ही एक पद्धत. नमुन्याचा फोटो दाखवून ‘रंगसंगती अशी असेल, तुकड्यांची मांडणी वेगळी असेल’ असे सांगून मागणीनुसार शिवून द्यायची, ही दुसरी. पहिल्या पद्धतीत फोटोंचे कष्ट जास्त, पण ग्राहकाला नेमके काय मिळणार हे ठाऊक असते. दुसरीत फोटो एकदाच काढावे लागतात, पण शिवायला लागणारे दिवस सांगावे लागतात आणि पाळावेही लागतात. नव्या दुकानाने पहिल्या पद्धतीने सुरुवात करावी असे मला वाटते, कारण त्यात वायदा चुकण्याचा प्रश्न येत नाही. मात्र तीच गोधडी व्हॉट्सॲपवर किंवा प्रदर्शनात विकली गेली, तर त्याच क्षणी दुकानातील साठा शून्य करा. नाहीतर एकाच गोधडीचे पैसे दोन घरांकडून जमा होतील.

फोटो आणि वर्णन

गोधडी ही हाताने चाचपून घेण्याची वस्तू आहे आणि ऑनलाइन ग्राहकाला नेमके तेच करता येत नाही. म्हणून फोटोंनी आणि शब्दांनी ती उणीव भरून काढावी लागते. चांगला मोबाइल पुरेसा आहे. सकाळच्या उजेडात, ऊन थेट पडत नसलेल्या ओसरीत किंवा खिडकीजवळ फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवा आणि रंग उजळवणारे फिल्टर अजिबात वापरू नका. पडद्यावरचा लाल आणि हातातला लाल यांत फरक पडला की गोधडी परत येते.

प्रत्येक गोधडीचे निदान सहा फोटो हवेत: पूर्ण उलगडलेली, पाठची बाजू, एक कोपरा, धावदोऱ्याचे टाके जवळून, पलंगावर पसरलेली, आणि घडी घातलेली. टाक्यांच्या फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. टाके किती बारीक आणि ओळी किती जवळजवळ आहेत हे त्यावरून लगेच कळते, आणि जाणकार ग्राहक याच एका फोटोवरून किंमत रास्त आहे की नाही हे ठरवतो. पलंगाचा फोटो आकाराचा अंदाज देतो. कापडावर एखादा जुना डाग किंवा रफू असेल तर त्याचाही फोटो लावा.

वर्णन कसे असावे याचा एक नमुना पाहा: ‘एकेरी पलंगाची हातशिवणीची गोधडी. माप १५० × २२५ सेंमी, वजन सुमारे २ किलो. वरचे व खालचे कापड नवे सुती, आत वापरलेल्या सुती साडीचे दोन थर. संपूर्ण शिवण हाताने, धावदोरा. पहिल्या दोन धुण्यांत गडद रंग थोडा सुटेल, म्हणून वेगळी धुवावी. गार पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणे.’ यात स्तुतीचे विशेषण एकही नाही, तरी ग्राहकाच्या मनातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे मिळतात. ‘आजीच्या मायेची ऊब’ यासारखी वाक्ये हवी तर शेवटी एखादे लिहा. मापे, वजन आणि थर आधी.

वर्णन मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत ठेवा. मराठी ग्राहक मराठीत वाचून निश्चिंत होतो, आणि बंगळूर किंवा दिल्लीच्या ग्राहकाला इंग्रजी लागते.

पार्सल: खरा खर्च येथे लपलेला असतो

गोधडीच्या धंद्यात नफा खाणारी गोष्ट म्हणजे पार्सलचे आकारमान. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. आकारमानाचे वजन काढण्यासाठी पार्सलची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि बहुधा ५००० ने भागतात. काही कंपन्यांचा भाजक वेगळा असतो, म्हणून तो आधी विचारून घ्यावा.

आता २ किलोची गोधडी सैल घडी घालून ४० × ३५ × १८ सेंमीच्या खोक्यात घातली, तर गुणाकार २५,२०० येतो आणि आकारमानाचे वजन ५.०४ किलो होते. दर अर्ध्या किलोच्या टप्प्यांत असतील, तर २ किलोच्या वस्तूसाठी साडेपाच किलोचे पैसे भरावे लागतात. तीच गोधडी घट्ट घडी घालून, हवा काढून टाकलेल्या पिशवीत ८ सेंमी जाडीची केली, तर ४० × ३५ × ८ म्हणजे ११,२०० आणि वजन २.२४ किलो, म्हणजे अडीच किलोचा टप्पा. वर्षभरात यातून वाचणारी रक्कम एखाद्या नव्या शिलाई यंत्राएवढी होऊ शकते, म्हणून ही गणिते संकेतस्थळापेक्षा आधी करावीत. हवा काढलेल्या पिशवीत गोधडी फार दिवस ठेवू नये. पार्सल निघायच्या दिवशीच ती दाबावी आणि आत ‘उघडल्यावर दोन तास उन्हात पसरावी’ अशी चिठ्ठी ठेवावी.

आतून जाड प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर कुरिअरची मजबूत पिशवी, एवढे आवरण पुरते. पावसाळ्यात आतली पिशवी चिकटपट्टीने पूर्ण बंद करा, कारण ओली झालेली गोधडी तीन दिवस पार्सलमध्ये राहिली तर तिला वास लागतो आणि तो सहजासहजी जात नाही. बंद पार्सल वजनकाट्यावर ठेवून, शेजारी मोजपट्टी लावून एक फोटो काढून ठेवा. कुरिअरकडून जास्त वजनाचे बिल आले तर तक्रारीसाठी हाच पुरावा चालतो.

दर विचारताना टपाल खात्याचे स्पीड पोस्ट आणि पार्सल सेवा विसरू नका. लहान गावांत पोचवण्याच्या बाबतीत पोस्टाची बरोबरी कोणी करत नाही. शहरांसाठी शिपरॉकेटसारख्या सेवा एकाच ठिकाणी अनेक कुरिअरचे दर दाखवतात. मुंबई, नागपूर आणि चेन्नई या तीन पिनकोडांसाठी दर काढून घेतले की राज्याच्या आत आणि बाहेर साधारण किती खर्च येईल याचा अंदाज येतो.

किंमत

उदाहरणादाखल एकेरी गोधडीचा हिशेब मांडू. कापड आणि दोरा ६०० रुपये, शिवण्याची मजुरी १००० रुपये, आवरण ५० रुपये, कुरिअर १८० रुपये. विक्रीची किंमत घरपोच २४०० रुपये ठेवली, तर पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे) दोन टक्के आणि त्या शुल्कावरील १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे ५७ रुपये जातात. एकूण खर्च १८८७ रुपये झाला. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि दर ५ टक्के असेल, तर २४०० रुपयांत सुमारे ११४ रुपये कराचे आहेत. हाती उरतात ३९९ रुपये. वीसात एक गोधडी परत आली असे धरले, तरी जाण्यायेण्याचे ३६० रुपये वीस गोधड्यांवर वाटून प्रत्येकी १८ रुपये होतात. जाहिरात, फोटो, संकेतस्थळाचे भाडे आणि तुमचा स्वतःचा वेळ, हे सगळे उरलेल्या साधारण ३८० रुपयांतून भागवायचे आहे.

हा हिशेब पाहून मजुरी कमी करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. हातशिवणीच्या गोधडीला अनेक दिवस लागतात आणि शिवणारीला योग्य पैसे मिळत नसतील, तर ती दुसरे काम धरेल आणि दुकानात ठेवायला मालच उरणार नाही. किंमत वाढवावी आणि ती का आहे हे टाक्यांच्या फोटोतून दाखवावे. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी: २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रति नग २५०० रुपयांपर्यंतच्या सुती गोधड्यांना ५ टक्के, तर त्यावरील किमतीच्या गोधड्यांना १८ टक्के जीएसटी आहे. कर न धरता २४०० आणि २६०० या किमतींमधला फरक त्यामुळे वाटतो तितका साधा राहत नाही.

कागदपत्रे

पॅन कार्ड आणि धंद्यासाठी वेगळे बँक खाते पहिल्या दिवसापासून ठेवा. घरखर्चाच्या खात्यात विक्रीचे पैसे मिसळले की नफा किती झाला हे कळतच नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी, सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे शोधात वर दिसतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे याची खात्री करूनच माहिती भरावी.

जीएसटीचा नियम नीट समजून घ्यावा. राज्याच्या आत वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेल्याशिवाय सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. परंतु माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा असेल, तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी बंधनकारक ठरते. अधिसूचित हस्तकला वस्तूंच्या विक्रेत्यांना यातून ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे. तुमची गोधडी त्या यादीत बसते का, हे कर सल्लागाराला ९४०४ हा एचएसएन क्रमांक (वस्तूंच्या करासाठीच्या वर्गवारीचा क्रमांक) सांगून विचारा. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवरून विकण्यासाठी पूर्वी नोंदणी लागतच असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांना नावनोंदणी क्रमांक घेऊन आपल्याच राज्यात विक्री करण्याची मुभा आहे. नोंदणी टाळण्यासाठी पहिले काही महिने फक्त महाराष्ट्रात विकायचे ठरवले, तर दुकानाच्या सेटिंगमध्ये इतर राज्यांचे पिनकोड बंद करा.

बंद पाकिटातील मालावर वैधमापन नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, नग आणि माप, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी फोन आणि ईमेल लिहावा लागतो. एक चिठ्ठी छापून घेतली की काम झाले.

दुकान कुठे मांडायचे

व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग मोफत आहे आणि ओळखीच्या वर्तुळात विकण्यासाठी पहिले दोन महिने तोच वापरावा. लोक कोणते प्रश्न विचारतात हे तेथे कळते आणि त्यांची उत्तरे वर्णनात घालता येतात. त्यानंतर स्वतःचे दुकान. शॉपिफायवर मासिक भाडे असते, पण तांत्रिक कटकट कमी. वर्डप्रेसवरील वूकॉमर्स मोफत आहे, मात्र होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्यासाठी भाड्याची सर्व्हरवरील जागा), सुरक्षा आणि अद्ययावत करणे ही जबाबदारी तुमची. घरात कोणी जाणकार असेल तरच तो मार्ग घ्या. ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टने कारागिरांसाठी अनुक्रमे ‘कारीगर’ आणि ‘समर्थ’ हे उपक्रम ठेवले आहेत. तेथे ग्राहक आयते मिळतात, पण कमिशन द्यावे लागते आणि ग्राहकाचा पत्ता तुमचा राहत नाही. म्हणून बाजारपेठ ही जोड म्हणून ठीक. मुख्य दुकान स्वतःचे असावे.

डोमेन नाव स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. संकेतस्थळ करून देणाऱ्याने ते त्याच्या नावावर घेतले, तर पुढे दुकानाचा पत्ताच त्याच्या हाती राहतो. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पैसे घेणे

पेमेंट गेटवेसाठी रेझरपे, कॅशफ्री, पेयू असे पर्याय आहेत. मंजुरी देण्याआधी ते तुमच्या संकेतस्थळावर संपर्क, अटी, गोपनीयता, पाठवणी आणि परतावा ही पाने आहेत की नाही हे तपासतात. ती नसल्यामुळे अर्ज अडकतात. यूपीआयवर एमडीआर (दुकानदाराकडून घेतले जाणारे व्यवहार शुल्क) शून्य असला तरी गेटवे स्वतःचे सेवाशुल्क लावू शकतो, हे करारात वाचून घ्या. पैसे बहुधा दोन-तीन कामकाजाच्या दिवसांनी खात्यात येतात.

वस्तू मिळाल्यावर पैसे देण्याची सोय ग्राहकांना आवडते, परंतु पार्सल नाकारले गेले तर जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही भाडे तुमच्या माथी पडते. मागणीनुसार शिवलेल्या गोधडीवर ही सोय देऊ नये. ग्राहक अडून बसलाच तर निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत.

फसवणुकीचे दोन प्रकार सर्रास चालतात. पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट पाठवला जातो, किंवा ‘पैसे मिळण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगितले जाते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, आणि बँक खात्यात रक्कम दिसेपर्यंत पार्सल बांधू नये. दुकान सांभाळणाऱ्या प्रत्येकीला हे सांगून ठेवा.

परतावा आणि तक्रार

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार दुकानाचे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. वस्तू सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर परत घेण्यास नकार देता येत नाही. लहान दुकानात हा अधिकारी म्हणजे तुम्हीच.

मन बदलले म्हणून परत घ्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवू शकता. माझ्या मते सात दिवसांची मुदत द्यावी, न वापरलेली आणि न धुतलेली गोधडी परत घ्यावी, आणि परतीचे भाडे ग्राहकाने भरावे असे स्पष्ट लिहावे. बाळाच्या गोधड्या मात्र एकदा उघडल्यावर, सदोष असल्याखेरीज, परत घेऊ नयेत. दुसऱ्या बाळासाठी ती विकणे योग्य नाही.

उघडण्याआधी

दुसऱ्या गावातील नातेवाइकाला खऱ्या पैशांनी एक गोधडी मागवायला सांगा. ऑर्डरचा संदेश आला का, बिल बरोबर निघाले का, पार्सल किती दिवसांत आणि कोणत्या अवस्थेत पोचले, हे त्यांच्याकडून फोटोंसह मागवा. मग तीच गोधडी परत पाठवायला सांगून पैसे परत करून पाहा. परतावा दिल्यावर गेटवेचे मूळ शुल्क सहसा परत मिळत नाही, हेही तेव्हा हिशेबात दिसेल. ही फेरी पूर्ण झाल्यावरच दुकानाचा पत्ता सगळ्यांना कळवा.

परदेशातील मराठी कुटुंबांकडून बाळाच्या गोधडीची मागणी लवकरच येऊ लागते. ती घाईने स्वीकारू नका. व्यापारी निर्यातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयातक-निर्यातक कोड लागतो आणि त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. टपाल खात्याच्या डाक घर निर्यात केंद्रांतून लहान पार्सले कागदपत्रांसह पाठवता येतात. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयातशुल्काची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली आहे, त्यामुळे तेथे पाठवण्याआधी शुल्क किती आणि ते कोण भरणार हे विचारून घ्या, आणि ग्राहकाला ते ऑर्डर घेण्यापूर्वी लेखी कळवा.